न फाटलेल्या कोटाचं रफू

आई गोड बोलायला लागली तेव्हाच मला शंका यायला हवी होती.

आमच्या घरात गोड बोलायची पद्धत नाही. आईला तो वेळ वाया घालवायचा प्रकार वाटतो, आणि मला ते जमत नाही. दादा म्हणतो, तुम्हा दोघींच्या मध्ये बसलं की अंगाला टोचतं. मला तो लहानपणापासून ‘सुई’च म्हणतो. आमचं रफूचं दुकान आहे म्हणून नव्हे, माझ्या जिभेमुळे.

दुकान म्हणजे एक लांबट खोली. रस्त्याच्या बाजूला भिंतभर काच, काचेशी दोन खुर्च्या. एकीवर आई, दुसरीवर मी. लोक सिगारेटने जळलेले, कसर लागलेले, खिळ्याला अडकून फाटलेले कपडे घेऊन येतात. आम्ही त्याच कपड्याच्या आतल्या दुमडीतून धागे उपसतो आणि भोकावर एकेक उभा-आडवा धागा विणून ते बुजवतो. रफू चांगलं झालं तर कुणालाच दिसत नाही, त्यामुळे त्याबद्दल कुणी काही बोलतही नाही. आई तर नाहीच नाही. माझं काम झालं की ती कपडा काचेसमोर धरते, त्यावरून अंगठा फिरवते. ‘दिसतंय’ म्हणाली की उसवायचं. काहीच म्हणाली नाही की समजायचं, पास. इतक्या वर्षांत शाबास हा शब्द तिच्या तोंडून मी ऐकला तो फक्त समोरच्या दुकानदाराच्या कुत्र्यासाठी.

दुपार कलली की ऊन काचेतून तिरकं आत येतं आणि हवेत तरंगणारे तंतू दिसायला लागतात. ते वर जात नाहीत, खाली येत नाहीत, नुसते हिंडत असतात. रस्त्यावरचे आवाज लांब कुठेतरी गेल्यासारखे होतात. अशा वेळी आई आणि मी तासन् तास एकमेकींशी बोलत नाही, आणि मला वाटतं तेवढ्या वेळापुरतं आमचं बरं चाललेलं असतं.

काळं कापड मात्र दिव्याखाली फसवतं. काळ्यात काळा धागा घालायचा तर दिवसाचाच उजेड लागतो. त्यामुळे काळ्या कपड्यांचा गठ्ठा आला की आई दुकान उघडल्यापासून ऊन जाईपर्यंत जागची हलत नाही. एकदा उठलं की नजर मोडते, असं तिचं म्हणणं. नजर मोडू नये म्हणून उठायचं नाही, उठायला लागू नये म्हणून पाणी प्यायचं नाही. वय सत्तरीच्या पुढे, पण या नियमात बदल नाही. मी काही बोलले तर म्हणायची, “तू तुझी लघवी सांभाळ, माझी मी सांभाळते.”

त्या आठवड्यात एका वाद्यवृंदाचे काळे कोट आले होते. पेटीत ठेवून ठेवून कसरीने त्यांची पार चाळण केली होती. आई चार दिवस खुर्चीला खिळून होती. कमरेत दुखतंय म्हणायची आणि खुर्चीला शिव्या घालायची. लघवीला जळजळ होत होती हे तिने आम्हाला सांगितलंच नाही. ते नंतर कळलं.

आणि मग एका सकाळी ती म्हणाली, “ऊन किती छान आलंय गं.”

मी सुई टोचून घेतली. मान वर करून बघितलं तर ती खरंच उन्हाकडे बघत होती, तोंडभर हसत. थोड्या वेळाने मला म्हणाली, “खाल्लंस का काही? सुकलीस.” एक बाई जळका शर्ट घेऊन आली, तिला म्हणाली, “तुमचा आवाज फार गोड आहे हो.” बाई खूश होऊन गेली. मीही खूश. कशाला खोटं बोलू? मला वाटलं, म्हातारपणी माणसं मऊ होतात म्हणतात, त्यातली ही सुरुवात असेल. ती सकाळभर मी उन्हात पाय पसरून बसलेल्या मांजरासारखी सुखात होते.

दुपारी सहज तिच्या हाताकडे लक्ष गेलं. मांडीवर एका कोटाची पाठ पसरलेली होती आणि ती नेहमीच्या संथ लयीत धागा वरखाली करत होती. काम इतकं सुरेख की मी बघतच राहिले. मग माझ्या लक्षात आलं की तिथे भोकच नाही.

“आई, इथे कुठे फाटलंय?”

“फाटलंय ना,” ती हसून म्हणाली. “तू चष्मा लाव, ताई.”

मी तिची मुलगी. ताई म्हणजे माझी मावशी, आईची मोठी बहीण. आईला लहानाची मोठी तिने केलं, हातात सुई तिनेच दिली. मावशीला जाऊन वीस वर्षं तरी झाली असतील.

मी आईचा हात हातात घेतला. गरम होता, पण फार नाही. चटका बसावा असा ताप नव्हता, उबदार हात होता नुसता. तरी मी दादाला फोन केला. त्याचं पलीकडच्या रस्त्यावर चपलांचं दुकान आहे. तो तसाच धावत आला, एका हातात कुणाच्या तरी मापाची पट्टी घेऊन.

*

दवाखान्यात आम्हाला पडद्यांच्या एका चौकोनात बसवलं. पडदे फिकट हिरवे, वरच्या खिडकीतून वारा आला की सगळे मिळून आत यायचे आणि सगळे मिळून बाहेर जायचे. आईला त्याची मोठी गंमत वाटत होती. एक तरुण डॉक्टर आली, अंबाड्यात पेन खोचलेली. तिने आईच्या पाठीवर, बरगड्यांच्या खाली हलकेच थाप मारली तशी आई कळवळली, आणि लगेच “माफ करा हं” म्हणाली. आईने माफी मागितली! दादाने माझ्याकडे बघितलं. लघवी घेतली, बऱ्याच नळ्यांमध्ये रक्त घेतलं, आणखी रक्त दोन जाड बाटल्यांत घातलं. मग आम्हाला थांबायला सांगितलं.

दादा चहा शोधायला गेला. आई उशीला टेकून पडली होती. खिडकीतून ऊन येत होतं आणि पडद्यांतून गाळून हिरवट होत होतं. त्या उजेडात आईने हात वर केला आणि हवेतून काहीतरी चिमटीत पकडलं. हलकेच ओढलं. पुन्हा पकडलं, पुन्हा ओढलं. मग चादरीच्या काठातून ओढायला लागली. मी ती बोटं ओळखत होते. ती दुमडीतून धागे काढत होती.

“ताई, हा धर,” ती म्हणाली आणि रिकामी चिमूट माझ्यापुढे केली.

मी तो धागा घेतला. दुसरं काय करणार?

“ओवून दे. मला आता दिसत नाही पूर्वीसारखं.”

मी दुसरा हात पुढे केला, नसलेल्या सुईच्या नसलेल्या नेढ्यातून तो ओवला आणि तिला दिला. खरी सुई मी इतक्या जपून कधी ओवली नसेल. तिने ती घेतली आणि चादरीवर कामाला लागली.

“पोरगी कुठाय?” तिने विचारलं.

“कुठली?”

“माझी गं.”

मी सांगू शकत होते. अगं आई, मीच ती, असं म्हणायला कितीसा वेळ लागतो? पण मी म्हटलं, “दुकानात आहे.”

“एकटी?”

“एकटी.”

“मग काही काळजी नाही,” आई म्हणाली. “ती असली की मला दुकानाचा घोर नसतो.”

पडदे आत आले, बाहेर गेले.

“तापट आहे पण,” मी खडा टाकून बघितला.

“कुणामुळे झाली? माझ्यामुळेच ना?” तिने धागा ओढून गाठ मारली. मग माझ्याकडे झुकून, आवाज खाली आणून म्हणाली, “ताई, तुला म्हणून सांगते, बाहेर बोलू नकोस. माझं रफू मला सापडतं. कितीही बारीक करू दे, अंगठा फिरवला की मला कळतं, इथे आहे. तिचं सापडत नाही. मागच्या थंडीत तो राखाडी शर्ट होता बघ. संध्याकाळ होईपर्यंत अंगठा फिरवत बसले होते मी. शेवटी तशीच घडी घातली.”

“मग सांग की तिला.”

“सांगायचं होतं. राहून गेलं.”

“आता सांग.”

“आता कसं सांगू गं?” आई खरंच अडचणीत पडल्यासारखी म्हणाली. “आता ती पंचेचाळिशीची झाली.”

मी मान खाली घातली आणि मीही चादर शिवायला लागले. त्या हिरव्या उजेडात आम्ही दोघी बराच वेळ तशा बसलो होतो, एक म्हातारी आणि तिची मेलेली बहीण. मला तिथून उठायचंच नव्हतं. दवाखान्यात, आजारी आईच्या उशाशी, मी आयुष्यात कधी नव्हते इतकी सुखी होते. हे वाचून कुणाला माझा राग आला तर येऊ दे.

*

डॉक्टर कागद घेऊन आली तेव्हा दादाही चहा घेऊन परतला होता.

“मूत्रपिंडाला संसर्ग झालाय हे नक्की,” ती म्हणाली. “प्रश्न एवढाच आहे की जंतू तिथेच आहेत की रक्तात उतरलेत.”

“रक्त तपासलंत ना एवढं?” दादा म्हणाला.

“रक्तात जंतू आहेत का ते बघायचं तर रक्त बाटलीत घालून उबेला ठेवावं लागतं. असले तर वाढतात आणि दिसतात. त्याला दोन दिवस तरी लागतील. तोवर बाकीच्या तपासण्यांवरून अंदाज बांधायचा.” तिने अंबाड्यातलं पेन काढून कागदावर खुणा केल्या. “प्लेटलेट कमी झाल्यात. अल्ब्युमिन म्हणून रक्तातलं एक प्रथिन असतं, ते खाली आलंय. आणि हे प्रोकॅल्सिटोनिन, ते जंतूंचा संसर्ग मोठा झाला की चढतं. ते बरंच चढलंय. असे आकडे असलेल्या पुष्कळ जणांच्या रक्तात नंतर जंतू सापडतात.”

“पुष्कळ जणांच्या, म्हणजे सगळ्यांच्या नाही,” मी म्हटलं.

“सगळ्यांच्या नाही. आणि दुसऱ्या बाजूने बघितलं तर ताप फार नाही, रक्तदाब ठीक आहे, हसतायत, बोलतायत.” तिने एक उसासा टाकला. “वरच्या मजल्यावर लक्ष ठेवायच्या खोलीत एक खाट आहे. तिथे ठेवलं तर शिरेतून जड औषध चालू करता येईल, सतत बघता येईल. पण तिथे घरच्यांना बसता येत नाही. नाहीतर आता एक इंजेक्शन देते, गोळ्या देते, घरी न्या आणि सकाळी परत आणा. मला वरिष्ठांना विचारावं लागेल.”

“घरी,” दादा लगेच म्हणाला. त्याचा चेहरा पांढरा पडला होता. बाबांना अशाच एका खोलीत नेलं होतं आणि दार लागलं ते लागलंच. “आई किती मजेत आहे बघा. इतकी हसताना मी तिला कधी पाहिलं नाही.”

“मला घरी ने रे राजा,” आई म्हणाली. दादाला तिने आजवर गाढवाखेरीज दुसरी उपमा दिली नव्हती. त्याचे डोळेच भरले.

डॉक्टरने आईकडे वळून विचारलं, “आजी, या कोण?” आणि माझ्याकडे बोट केलं.

आईने माझा हात धरला. “माझं माणूस आहे,” ती म्हणाली.

डॉक्टर हसली. मग मला म्हणाली, “ओळखतात ना तुम्हाला? हे महत्त्वाचं आहे. म्हाताऱ्या माणसांत कधी कधी ताप दिसत नाही, भ्रम दिसतो.”

मी म्हटलं, “हो. ओळखते.”

का म्हटलं ते मला माहीत होतं. नाही म्हटलं असतं तर तिच्या कागदावर भ्रम असा शब्द पडला असता, आणि मग आई जे काही बोलली होती ते सगळं त्या एका शब्दाखाली गेलं असतं. तो राखाडी शर्ट, तो अंगठा, दुकानाचा नसलेला घोर, सगळं. मला माझ्या आईचं ते बोलणं शुद्धीवरचं हवं होतं.

डॉक्टर पडदा सारून गेली. दादा म्हणाला, “सुटलो गं सुई,” आणि रिक्षा बघायला बाहेर पळाला.

आईची बोटं अजून चालूच होती. पण आता लय बिघडली होती. ती भराभर उपसत होती, एक धागा पुरा व्हायच्या आत दुसरा. अजूनही हसत होती, पण कपाळावर घाम आला होता.

“संपतच नाही गं ताई हे भोक,” ती म्हणाली. “मी भरतेय आणि ते पुढे जातंय.”

मी तिचा हात धरला, थांबवायला म्हणून. खिडकीकडून ऊन येत होतं आणि तिचा हात माझ्या आणि उन्हाच्या मध्ये आला. सवयीने मी तो उजेडात बघितला.

कापड फाटायच्या आधी विरतं. भोक नसतं, कपडा धड दिसतो, पण काचेसमोर धरला की कळतं, पुढच्या धुण्यात इथून जाणार. गिऱ्हाईक म्हणतं, कुठे फाटलंय दाखवा. आम्ही म्हणतो, अजून नाही. काही जण ऐकतात. काही म्हणतात, धंदा वाढवायची युक्ती आहे, आणि कपडा घेऊन जातात. ती पेनवाली पोरगी आम्हाला हेच सांगत होती. रक्त उजेडात धरून सांगत होती. आणि मी, सगळा जन्म काचेशी काढलेली बाई, तिला म्हणाले होते की कपडा धड आहे.

मी पडदा ढकलून धावले. एक चप्पल पायातून निघाली, ती तिथेच राहिली. कॉरिडॉरच्या टोकाला ती एका पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांशी बोलत होती.

“ती मला ओळखत नाही,” मी म्हटलं.

दोघंही वळले.

“मघाशी मी खोटं बोलले. तिला मी तिची बहीण वाटते. मेलेली बहीण. हवेतून धागे काढतेय. दुपारी धड कोटाला रफू करत होती.”

“कधीपासून?” तरुण डॉक्टरने विचारलं. ती रागावली नाही. रागावली असती तर मला बरं वाटलं असतं.

“सकाळपासून. सकाळी गोड बोलली.”

“गोड बोलल्या?”

“तुम्ही माझ्या आईला ओळखत नाही.”

पांढऱ्या केसांच्या डॉक्टरांनी कागद हातात घेतला, एकदा नजर फिरवली आणि म्हणाले, “वर घ्या. औषध आत्ता चालू करा, वर पोचायची वाट बघू नका.”

दादा परत आला तेव्हा खाट लिफ्टच्या दारात होती. तो माझ्यावर धावूनच आला. “सुई, त्या खोलीत? बाबांचं विसरलीस?”

“नाही विसरले.”

“ती घरी चल म्हणत होती. हसत होती!”

“दादा, आई कधी हसते का रे?” मी म्हटलं. तो बाजूला सरला. आमची आई आम्ही दोघंही ओळखतो.

लिफ्टचं दार लागताना आईने माझ्याकडे बघून हात हलवला. “येते गं ताई,” म्हणाली. आणि तिच्यासोबत ते सगळं गेलं.

*

तिन्हीसांजेला तिचा रक्तदाब एकदम खाली आला. हे आम्हाला दुसऱ्या दिवशी सांगितलं. शिरेत नळी आधीच लावलेली होती, औषध आधीच आत गेलं होतं, माणूस शेजारीच उभं होतं, म्हणून लगेच सावरता आलं. “घरी असत्या तर,” तरुण डॉक्टर म्हणाली आणि वाक्य तिथेच सोडलं. दादाने भिंतीला डोकं टेकलं. मग माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि काढलाच नाही.

पुढचे दिवस मला नीट आठवत नाहीत. लांब कॉरिडॉर, त्यात एका बाजूने येणारं ऊन, बाकावर मी. दिवसातून दोनदा आत सोडायचे. आई झोपलेली असायची, नळ्यांच्या जाळ्यात, बोटं शांत. मी बाहेर येऊन पुन्हा बसायचे. डोळा लागला की दुकानातले तंतू दिसायचे, हवेत हिंडणारे, आणि त्यात कुठूनतरी आईचा आवाज, तिचं सापडत नाही, तिचं सापडत नाही. जाग आली की कुणीतरी फरशी पुसत असायचं.

बाटलीतल्या रक्ताचं काय होतंय, याकडे माझं सगळं लक्ष होतं. आणि इथे माझ्या मनात काय होतं तेही सांगून टाकते. मला वाटत होतं, काही उगवू नये. रक्तात जंतू नव्हतेच असं निघावं. म्हणजे मग आईचं डोकं ठिकाणावर होतं असं मला म्हणता येईल. औषध तर चालूच होतं, आई सुधारत होती, मग बाटली रिकामी निघाली तर कुणाचं काय बिघडणार होतं?

डॉक्टर माझ्या शेजारी बाकावर येऊन टेकली तेव्हा मी तिला विचारलंच. “रक्तात काही निघालं नाही तर त्या दिवशी ती शुद्धीवर होती असं धरायचं का?”

“तसं नाही धरता येत,” ती म्हणाली. “नुसत्या संसर्गानेही भ्रम होतो. अंगात पाणी कमी होतं, वय आहे.” मग माझ्याकडे बघून म्हणाली, “काही बोलल्या का त्या?”

“बोलली.”

“वाईट?”

“नाही हो,” मी म्हटलं. “तीच तर पंचाईत आहे.”

ती जरा वेळ माझ्याबरोबर उन्हात बसून राहिली आणि मग कामाला गेली.

दुसऱ्या दिवशी ती जवळजवळ धावतच आली. “दोन्ही बाटल्यांत वाढलेत! तेच जंतू, लघवीतले. आपण देतोय तेच औषध त्यांना लागू आहे.” मग एकदम ओशाळली. “माफ करा. अंदाज बरोबर निघाला म्हणून खूश झाले.”

“व्हा की खूश,” मी म्हटलं. “तुमच्यामुळे आई आहे.”

ते मी मनापासून म्हटलं. आणि मग जिन्यात जाऊन भिंतीकडे तोंड करून उभी राहिले. आई वाचली होती, माझा जीव भांड्यात पडला होता, आणि तरी कुणीतरी गेल्यासारखं वाटत होतं. जंतू बोलले होते सगळं. धड कोटाला भोक पाडणारे तेच, आणि मला शाबासकी देणारेही तेच.

*

आईला खाली साध्या वॉर्डात आणलं तेव्हा तिने पहिल्यांदा परिचारिकेला चादर धड लावता येत नाही असं सुनावलं, मग दादाला गाढव म्हटलं. दादाने वॉर्डभर सगळ्यांना सांगितलं, “आमची आई बरी झाली!” माझ्याकडे बघून ती म्हणाली, “केस विंचरले नाहीस का आठवडाभर? आणि त्या कोटांचं काय?”

“होतायत.”

“होतायत म्हणजे किती झाले?”

दादा डबा धुवायला गेला तशी मी खुर्ची ओढून तिच्या जवळ बसले. मनात ठेवून मला जगता आलं नसतं, माझा स्वभावच तो नाही.

“आई, त्या दिवशी तू मावशीशी बोलत होतीस.”

“कुठल्या मावशीशी? ताईला जाऊन किती वर्षं झाली.”

“मला मावशी समजत होतीस. मीही समजू दिलं.”

तिने भुवई उचलली. “काय बोलले मी?”

मी सांगितलं. शब्द न् शब्द सांगितला, तिच्या रफूचा, माझ्या रफूचा, अंगठ्याचा, त्या राखाडी शर्टाचा. सांगताना माझा आवाज रागावल्यासारखा येत होता, कारण तसा नसता तर तो आलाच नसता. ती ऐकत राहिली. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

“तापात माणूस काहीही बरळतं,” ती शेवटी म्हणाली.

“डॉक्टरही तेच म्हणते. तुझ्या रक्तात जंतू होते.”

“मग? तेच ना.”

“तेच,” मी म्हटलं आणि तिचे धुवायचे कपडे पिशवीत भरायला लागले. भरत होते की कोंबत होते कोण जाणे.

“ऐक,” आई म्हणाली. “हे मी ताईला म्हणाले ना?”

“हो.”

“तुला नाही.”

“मला नाही.”

“मग झालं तर.” तिने तोंड खिडकीकडे वळवलं. कान लाल झाला होता, तापाने नव्हे, ताप तर उतरला होता. “ताईशी मी जन्मात कधी खोटं बोलले नाही. जमायचंच नाही मला.”

मी पिशवी खाली ठेवली, आणि तिथेच, सगळ्या वॉर्डासमोर, भोकाड पसरलं. शेजारच्या खाटेवरची बाई उठून बसली. दादा हातात ओला डबा घेऊन दारातून धावत आला, काय झालं, काय झालं म्हणत.

“अगं गप बस,” आई खिडकीकडेच बघत म्हणाली. “लोक बघतायत.”

“बघू देत,” मी म्हटलं.